भोक सगळ्यात शेवटी

माझी होडी २२ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. केबिनमध्ये दोन्ही अंगांना एकेक बाक, मध्ये पाय ठेवण्यापुरती जागा. ताठ उभं राहायचं तर डोकं झाकणातून बाहेर काढावं लागतं. ऑक्टोबर ते मे ती मुंबईच्या गेटवेसमोर बोयाला बांधलेली असते, पावसाळ्यात जमिनीवर. एवढ्याशा होडीत पडदे, दिवा, फळी, पंखा, चार हूक आणि चष्म्याचा कप्पा लावणं हे तासाभराचं काम वाटतं. घरी ते असतंही. नऊ इंची विटेच्या भिंतीला ड्रिल लावलं, रॉलप्लग ठोकला, स्क्रू पिळला की झालं. होडीत ‘भिंत’ म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचं कवच आणि त्याच्या पलीकडे थेट समुद्र. शिवाय ही भिंत हलते, कलते, तापते आणि घामेजते.

म्हणून इथे कुठलीही वस्तू लावताना दोन प्रश्न विचारावे लागतात. ओढ कुठल्या बाजूने बसणार? आणि पाणी कुठून शिरणार? बाकी सगळं या दोन प्रश्नांच्या पोटात येतं.

१. आधी भिंत वाजवून बघा

फायबरची होडी सगळीकडे एकाच मालाची नसते. खालचं अंग, म्हणजे हल, बहुतेक छोट्या होड्यांत एकसंध असतं: काचेच्या तंतूंची मॅट आणि विणलेलं रोव्हिंग यांचे थर रेझिनमध्ये बसवलेले. डेक आणि केबिनचं छप्पर मात्र बहुधा सँडविच असतं. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्साचं लाकूड. त्यामुळे छप्पर वजनाला हलकं राहतं आणि त्यावर उभं राहिलं तरी दबत नाही. तिसरा प्रकार आतल्या साच्याचा. बाक, कप्पे आणि छताचं अस्तर असलेलं वेगळं पातळ आवरण आत बसवलेलं असतं आणि त्यामागे बऱ्याच ठिकाणी पोकळी असते. त्या पोकळीत बिनदिक्कत विजेच्या तारा सोडलेल्या असतात.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू टकटक करत जा. एकसंध जागी आवाज कोरडा आणि कडक येतो, पोकळीवर घुमतो. छतावर एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला, तर आत बाल्साने पाणी पिऊन ठेवल्याची शक्यता आहे. तिथे पडदा लावायचा विचार बाजूला ठेवून आधी पाणी कुठून आलं ते शोधा. वाजवताना पेन्सिलीने खुणा करत गेलात, तर होडीचा आतला नकाशा तयार होतो. तो पुढे प्रत्येक कामात लागतो.

२. क्रम पाळा: आधी लाकूड, मग गोंद, मग भोक

केबिनला आडवी छेदणारी प्लायची भिंत, म्हणजे बल्कहेड, ही स्क्रूसाठी सगळ्यात भरवशाची जागा. त्यानंतर बाकांच्या लाकडी पट्ट्या. जे तिथे बसू शकतं ते तिथेच बसवावं, मग दिवा आपल्याला हवा होता त्यापेक्षा वीतभर बाजूला गेला तरी चालेल. लाकूड मिळत नसेल तर लाकडाचा ठोकळा चिकटवून हवं तिथे लाकूड तयार करावं. तेही जमत नसेल तरच फायबरला भोक.

हलच्या आतल्या बाजूने मात्र स्क्रू कधीच नाही, अगदी जलरेषेच्या वरसुद्धा. होडी वाऱ्याला कलली की बोयावर असताना कोरडी असणारी बरीच जागा पाण्याखाली जाते. आणि हलची जाडी सगळीकडे सारखी नसते. तळाशी भरपूर, वरच्या कडेला कमी. ‘अर्ध्या इंचाचाच तर स्क्रू आहे’ हा हिशेब सहा मिलिमीटरच्या कवचात बसत नाही.

३. ठोकळा चिकटवणं हे अर्धं काम घासण्याचं आहे

ही पद्धत सविस्तर सांगतो, कारण माझ्या होडीतल्या निम्म्या वस्तू अशाच ठोकळ्यांवर उभ्या आहेत.

प्लाय मरीन ग्रेडचा घ्या, आयएस ७१० शिक्का बघून, १२ मिलिमीटर जाडीचा. दोन बाय तीन इंचांचा तुकडा पडद्याच्या पट्टीच्या टोकाला पुरतो. चारही कडा गोल करा. टोकदार कोपऱ्याशी ताण साचतो, आणि गादीवरून उठताना डोकंही तिथेच आपटतं. तुकड्याला सगळ्या बाजूंनी, विशेषतः जिथे थर उघडे दिसतात त्या कडांना, पातळ इपॉक्सी पाजून सुकू द्या.

आता भिंत. आधी ॲसिटोनने पुसायची, मग घासायची. उलटा क्रम नको. कारखान्यात आतल्या शेवटच्या थरात पुष्कळदा मेण घातलेलं असतं, म्हणजे पृष्ठभाग चिकट राहत नाही. आधी घासलं तर ते मेण ओरखड्यांत बसतं. एका फडक्याने ओलं पुसा आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने टिपून घ्या. मग ८० नंबरचा कागद घेऊन चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा. धूळ झाडून पुन्हा एकदा पुसा. त्यानंतर त्या जागी बोट लावू नका. बोटाचं तेलही पुरेसं असतं.

इपॉक्सीत सिलिका पावडर किंवा बारीक लाकडाचा भुसा मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करा. भिंत वळणाची आणि ठोकळा सपाट, म्हणून मधली फट या घट्ट मिश्रणाने भरून निघते. ठोकळा दाबला की चहूबाजूंनी मिश्रण बाहेर आलं पाहिजे. ते पुसून टाकायचं नाही. आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकाने कडेने फिरवून त्याची गोलाई करायची. समोरच्या बाकावरून काठीचा टेकू द्यायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी वर हलका तेलकट थर जाणवला तर साध्या पाण्याने धुवा, मगच रंग. आणि स्क्रू असा निवडा की तो ठोकळ्यात दहा मिलिमीटरच शिरेल. टोक फायबरपर्यंत पोचलं तर सगळी मेहनत फुकट.

इपॉक्सीच का? कोकणातल्या फायबरच्या मासेमारी होड्या पॉलिएस्टर रेझिनने बनतात आणि ते स्वस्त आहे. पण पॉलिएस्टर ताज्या थरावर चांगलं धरतं. जुन्या, पुरत्या सुकलेल्या फायबरवर इपॉक्सीची पकड जास्त. तरी कोणी पॉलिएस्टर वापरणार असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: हार्डनर आणि सुकणं जलद करणारं कोबाल्ट हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर.

४. गोंदाला सरकवून हरवता येत नाही, सोलून हरवता येतं

बाटलीवरचं लेबल तळव्याने ढकलून निघत नाही, पण कोपरा नखाने उचलला की सरसर निघतं. प्रत्येक चिकटवलेल्या वस्तूचं हेच आहे. भिंतीला समांतर ओढ पडली तर गोंद टिकतो. कडेपासून उचलणारी ओढ पडली तर जातो. लांब दांड्याचा हूक चिकटवणं म्हणून वाईट: टोकाला पिशवी लटकली की वरची कड उचलली जाते. त्याऐवजी हुकाची पट्टी उंच आणि दांडा आखूड घ्या.

दुहेरी फोम टेप, म्हणजे व्हीएचबी प्रकारची, हलक्या वस्तूंना उत्तम. पण तिला पूर्ण पकड यायला सर्वसाधारण तापमानात ७२ तास लागतात. शनिवारी चिकटवून रविवारी घड्याळ टांगायचं आणि सोमवारी ते बाकाखाली शोधायचं, हा प्रकार तिथूनच येतो. मे महिन्यात बंद केबिनमध्ये सक्शन कपवर तर काहीच सोडू नये. गडद रंगाच्या डेकखाली इपॉक्सीवरही फार भार टाकू नये, कारण घरच्या तापमानात सुकवलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं.

सिलिकॉन हे सील करायला आहे, चिकटवायला नाही. ते खरवडून काढलं तरी मागे असा थर ठेवतं की त्यावर रंग, इपॉक्सी काहीच धरत नाही. जिथे पुढे कधी काही चिकटवायचं असेल तिथे सिलिकॉनची नळी उघडूच नये.

५. भोक पाडायचंच असेल, तर मागचा हात आधी

माझगावच्या बाजूला फायबरची कामं करणारे एक मिस्त्री कुठलंही काम बघायला आले की पहिला प्रश्न एकच विचारतात: “साहेब, आतून हात जातो का?” मागे हात जात असेल तर बोल्ट, मोठा वॉशर आणि नट. जात नसेल तर स्क्रू, आणि मग त्यावर वजन टाकायची स्वप्नं बघायची नाहीत. फायबरच्या पातळ पत्र्यात स्क्रूचे दोन-तीनच आटे धरतात. आपल्या होडीला तर मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँचांच्या लाटा दिवसभर लागतात. अशा ठिकाणी ते आटे आठवड्या-आठवड्याला ढिले होत जातात.

भोकाची जागा मास्किंग टेपने झाका आणि खूण त्यावर करा. जेलकोट हा वरचा चकचकीत थर काचेसारखा ठिसूळ. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा, म्हणजे बिट तो थर खरवडत जातं, कपचे उडवत नाही. थर पार झाला की सुलटं. बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. आठ नंबरच्या स्क्रूला साडेतीन मिलिमीटरचं भोक लागतं. लाकडात चालतं त्यापेक्षा थोडं मोठं, कारण फायबर दबत नाही, तडकतं. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने हलका उतार द्या, म्हणजे स्क्रू पिळताना जेलकोटला ताऱ्यासारख्या भेगा जात नाहीत.

सँडविच छताला आरपार बोल्ट टाकायचा असेल तर आणखी एक पायरी आहे. भोक आधी मोठं पाडा, कडेचा बाल्सा थोडा कोरून काढा, ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्या भरावातून बोल्टचं नेमकं भोक पाडा. मग सील कधी फुटलंच तरी पाणी बाल्सापर्यंत पोचत नाही.

मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड ड्रिलशेजारी. फायबरची धूळ एकदा गादीत गेली की महिनाभर खाज सुटते.

६. ‘स्टेनलेस’ एवढं सांगून माल घेऊ नका

नागदेवी स्ट्रीटवर स्टेनलेस मागितलं की बहुतेक वेळा ३०४ मिळतं. घरच्या नळाला ते छान. खाऱ्या हवेत त्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्षाराला जास्त दाद देत नाही. बोल्टच्या माथ्यावर ए२ असेल तर ३०४ चा प्रकार, ए४ असेल तर ३१६ चा. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा माथा वाचावा.

इंटिरियरचे सुतार ज्याने सगळं जोडतात तो काळा जिप्सम स्क्रू होडीत आणूच नये. पहिल्याच हंगामात त्याच्याखाली तपकिरी ओघळ दिसतो. पितळेचे स्क्रू आत लाकडात दिसायला सुंदर, पण मऊ. आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी, मग पितळेचा. आणि खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीला स्टेनलेस स्क्रू लावायचा असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओलावा आला की ॲल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी दिसायला लागली की समजावं.

दारूखाना भागात मोडीत काढलेल्या जहाजांच्या जुन्या कड्या, हूक, दिव्यांचे आकडे मिळतात. त्यात काही जिनसा अस्सल असतात. पण मोठ्या जहाजाचा हूक छोट्या होडीत घेताना वजन हातात तोलून बघा. त्याला धरायला लागणारी भिंत आपल्याकडे आहे का?

७. होडीत पडदा लटकत नाही, ताणून बसवावा लागतो

छोट्या होडीच्या केबिनची बाजू वर जाताना आत कललेली असते. त्यामुळे वरच्या कडेला लावलेला पडदा सरळ खाली येतो आणि त्याची खालची कड काचेपासून लांब, थेट झोपलेल्याच्या तोंडावर. होडी कलली की तर तो केबिनभर झुलतो. म्हणून वर एक आणि खाली एक, अशा दोन पट्ट्या किंवा दोन दोऱ्या हव्यात, आणि पडद्याच्या दोन्ही कडांना शिवण.

दुसरं वळण लांबीचं. केबिनची बाजू मध्यावर बाहेर फुगलेली असते. दोन टोकांत ताणलेली दोरी सरळ जाते आणि मध्ये काच व पडदा यांच्यात चार बोटं अंतर पडतं. मध्ये तिसरा हूक दिला की ते मिटतं. वळणारी प्लास्टिकची पट्टी आणि त्यात सरकणारे हूक घेतले तर आणखी बरं.

घरोघरी असते ती प्लास्टिकच्या आवरणातली स्प्रिंग होडीला चालत नाही. कापलेल्या टोकाला आतलं लोखंड उघडं राहतं, गंज आतल्या आत सरकतो आणि पडद्यावर रेघ उमटते. तीन-चार मिलिमीटरची पॉलिएस्टर दोरी किंवा आवरणवाली रबरी दोरी वापरा. कड्या नायलॉनच्या.

कापड पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक, सुती नको. सुती पडदा एकदा खाऱ्या पाण्याने भिजला की पुरता सुकत नाही. त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि बुरशी येते. शिवणीचा दोराही पॉलिएस्टरचाच. घरी चुण्यांसाठी खिडकीच्या दुप्पट कापड घेतो, इथे सव्वापट पुरे. काच ॲक्रिलिकची असेल तर तिच्यात स्क्रू मारायचा नाही आणि ती ॲसिटोनने पुसायची नाही, बारीक भेगांची जाळी उठते. स्टोव्हजवळच्या खिडकीला पडदाच नको.

८. हाताला जे लागेल ते माणूस धरतो

एकदा एक पाहुणे केबिनमध्ये चहा घेऊन उभे राहायच्या प्रयत्नात असताना लाँचची लाट बाजूने आली. डाव्या हातात कप, उजवा हात आपोआप वर गेला आणि पडद्याच्या पट्टीला लागला. सत्तर किलोचा माणूस क्षणभर त्या पट्टीवर होता. पट्टी ठोकळ्यावर होती म्हणून राहिली. त्यांची नव्हे, लावणाऱ्याची परीक्षा होती.

तेव्हापासून नियम असा: केबिनमध्ये माणसाच्या खांद्याच्या उंचीवर जे काही असेल ते एक तर त्याचं वजन पेलेल इतकं पक्कं, किंवा धरताच येणार नाही इतकं चपटं. आणि खरे धरायचे दांडे, आरपार बोल्ट आणि मागे पट्टी असलेले, पायऱ्या उतरताना जिथे हात जातो तिथेच. दांडा असा ठळक हवा की घाईत हात पडद्याकडे जाणारच नाही. वस्तू लावून झाली की मी तिला खाली ओढतो, बाजूला ओढतो आणि पिळूनही बघतो. फक्त खाली ओढून तपासलेली वस्तू समुद्रात बाजूला जाते.

९. होकायंत्राच्या पाठीमागे काय आहे ते बघा

छोट्या होडीत होकायंत्र बहुधा केबिनच्या मागच्या भिंतीत, सुकाणू धरणाऱ्याच्या समोर बसवलेलं असतं. त्याच प्लायची आतली बाजू म्हणजे दिवा, हूक किंवा स्पीकर लावायला सगळ्यात सोयीची जागा! चुंबकाने बंद होणारा पडदा, कपाटाचं चुंबकी कुलूप, स्पीकर, लोखंडी स्क्रू, हे सगळं तिथून निदान मीटरभर लांब ठेवा. दिव्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे त्यांचं चुंबकी क्षेत्र बरंचसं एकमेकांना मारतं. तपासणी सोपी आहे. एकाने वस्तू त्या जागी धरायची, दुसऱ्याने बाहेर बसून तबकडी हलते का ते बघायचं. प्राँग्सच्या दीपगृहापुढे खांदेरीकडे जाताना धुरकट हवेत किनारा पुसट होतो. तेव्हा पाच अंशांचा फरक महागात पडतो.

१०. वीस अंश कलवून विचार करा

दुपारी वायव्येचा वारा धरला की आमची होडी सहज वीस अंश कलते, आणि वळल्यावर दुसऱ्या बाजूला तेवढीच. म्हणून प्रत्येक फळीला पुढे दीड-दोन इंचांची उभी पट्टी. कपाटाच्या दारांना चुंबक नव्हे, फिरवून अडकणारी खिटी. टांगता दिवा असेल तर तो वीस अंशांत कुठे आपटतो ते आधीच दोरीने मोजा. हुकाचं तोंड इतकं आत वळलेलं हवं की पिशवी उसळून निघणार नाही. आणि जड वस्तू उंच लावू नका. त्यांची ओढ वाढते आणि सुटल्या तर डोक्यावर येतात.

११. काढता येत नसेल तर लावू नका

डेकवरच्या प्रत्येक कडीचा नट आत कुठेतरी असतो. छताला सुंदर अस्तर चिकटवून तो गाडून टाकला, तर पहिल्या गळतीला अस्तर फाडावं लागतं. अस्तर लावा, पण स्क्रूच्या पट्ट्यांनी, तुकड्या-तुकड्यांत. पडदे जूनच्या आधी उतरवून गोड्या पाण्यात धुऊन घरी. गाद्याही तशाच. बंद होडीत चार महिने कापड ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हंगाम सुरू होताना प्रत्येक स्क्रू हाताने पाव फेरी तपासायचा. फिरला तर का फिरला ते बघायचं, नुसता आवळायचा नाही.

शेवटचं म्हणजे, होडीची एक वही ठेवा. प्रत्येक भोक कुठे, किती मिलिमीटरचं, कुठला स्क्रू, मागे वॉशर आहे की नाही, कशाने सील केलं आणि बुजवलं असेल तर कशाने, हे लिहा. तारा कुठून गेल्या तेही लिहा. पुढच्या वेळी ड्रिल उचलण्याआधी दोन मिनिटं ती चाळली, तर बऱ्याचदा असं दिसतं की हातभर अंतरावर जुना ठोकळा आहे आणि नवं भोक पाडायची गरजच नाही. होडी विकाल तेव्हा शिडांच्या पावत्यांपेक्षा घेणाऱ्याला या वहीचा उपयोग जास्त होईल.